सॅमन, शेवया आणि चमचाभर सोया सॉस

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. शेवटचा रुग्ण बाहेर पडेपर्यंत ती बाकावर शांतपणे बसून होती. मग आत येऊन तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. तपासणीचा अहवाल असेल म्हणून मी चष्मा सावरला, तर पडद्यावर एक पाककृती होती : आशियाई पद्धतीने मुरवलेला सॅमन मासा आणि नूडल्स.

"डॉक्टरकाका, आजोबांच्या पंचाहत्तरीला हे करायचंय. पुण्याला मैत्रिणींसोबत दोनदा केलंय मी. आजोबांना चालेल का?"

पाककृती घेऊन दवाखान्यात आलेली ही माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायातली पहिलीच व्यक्ती. मी तिला तत्काळ उत्तर दिले नाही. तिच्या आजोबांचे आणि सोया सॉसच्या बाटलीचे एक जुने प्रकरण आहे आणि त्यात माझीही चूक आहे. आजोबांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ते प्रथम आपणांस सांगतो.

आजोबा निवृत्त शिक्षक. जिंतूर तालुक्यात त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आता स्वतः आजोबा होऊ लागली आहेत. गुरुजींचा रक्तदाब अनेक वर्षांपासूनचा. एका गोळीवर तो नीट होता. तीन वर्षांपूर्वी तो वाढू लागला. वरचा आकडा १६० च्या पुढे. मी विचारले, "गुरुजी, मीठ?" ते म्हणाले, "डॉक्टर, मी मीठ सोडलंय. माझी भाजी घरात वेगळी शिजते." शिक्षकाचा शब्द, मी तो प्रमाण मानला आणि गोळीची मात्रा वाढवली. त्या गोळीने घोटे सुजले, जे तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. मी गोळी बदलायला हवी होती. त्याऐवजी सुजेसाठी लघवी वाढवणारे आणखी एक औषध जोडले आणि मग दाबासाठी तिसरे. मे महिना होता, परभणीचा पारा ४४ च्या वर. एका पहाटे गुरुजी अंथरुणातून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडले. मनगट मोडले. खुब्याचे हाड वाचले, हे त्यांचे आणि माझे दैव.

प्लॅस्टर पाहायला घरी गेलो तेव्हा सूनबाई सासऱ्यांची वेगळी भाजी परतत होत्या. मीठ खरोखरच घातले नव्हते. भाजी उतरवताना मात्र त्यांनी एका काळ्या बाटलीतून चमचा-दीड चमचा सॉस वर ओतला. "बिनमिठाची भाजी त्यांच्या घशाखाली उतरत नाही हो. म्हणून हा सॉस घालते. मीठ नाही, सोयाबीनचा आहे, पौष्टिक." दोन्ही वेळा, रोज, सहा-सात महिने. शिवाय नातवंडांसोबत आठवड्यातून तीन-चारदा पाकिटातल्या नूडल्स. त्या माउलीने प्रेमाने केले ते. मी मात्र प्रश्न चुकीचा विचारला होता. मिठाबद्दल विचारले, चवीबद्दल विचारले नाही. बाटली बंद झाल्यावर दोन महिन्यांत गुरुजी तीन गोळ्यांवरून पुन्हा एका गोळीवर आले. (हे वाचून कोणी आपल्या गोळ्या आपणच कमी करू नयेत. त्या कमी करताना दर आठवड्याला दाब मोजला होता.)

वाचकहो, सोया सॉस म्हणजे काय, हे आपल्याकडे नीट कोणी सांगितलेले नाही. खरे तर सोयाबीन आपल्याच शिवारातले पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१ हे वाण कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नाही? पण आपले सोयाबीन बाजार समितीतून तेलाच्या गिरणीला जाते. सॉस ही चीन-जपानची कला. शिजवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवतात, मग ते सारे मिठाच्या दाट पाण्यात महिनोन्महिने आंबवतात. मीठ इतके असते की नको ते जंतू त्यात तगूच शकत नाहीत. आपल्या लोणच्याच्या खाराचीच ही रीत. तो खार आपण भाताला बोटभर लावतो, वाटीभर ओतून घेत नाही. चिनी आणि जपानी घरांतही सॉस बेताने वापरावयाची सवय जुनी आहे. आपल्याकडे बाटली आली, ती सवय मागे राहिली.

हिशेब असा. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर सोया सॉसमध्ये, सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. मिठाच्या भाषेत सव्वादोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावयास सांगते, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या वेष्टनविषयक नियमांतही हेच माप धरले आहे. एका चमच्यात जवळजवळ निम्मा दिवस संपला. गमतीची गोष्ट अशी की दवाखान्यात मला अजिनोमोटोबद्दल दहा जण विचारतात आणि सोया सॉसबद्दल कोणी विचारत नाही. त्या पांढऱ्या पुडीत वजनाच्या सुमारे १२ टक्के सोडियम असते, साध्या मिठात ३९ टक्के. भीतीची जागा चुकली आहे, एवढेच म्हणतो.

आता त्या मुलीच्या पाककृतीकडे वळू. चार माणसांसाठी पाव कप सोया सॉस, म्हणजे चार मोठे चमचे. दोन चमचे ऑयस्टर सॉस, तोही खारटच. मासा त्यात मुरवावयाचा आणि उरलेले सारे नूडल्सवर ओतावयाचे. नूडल्स पाकिटातल्या, सोबतच्या मसाल्यासह. नुसत्या सोया सॉसचे माणशी ९०० मिलिग्रॅम झाले. मसाल्याच्या पुडीसकट एका पाकिटामागे ८०० मिलिग्रॅमच्या पुढचे आकडे मी स्वतः वेष्टनांवर वाचले आहेत. म्हणजे एका ताटात दिवसाचा कोटा जवळपास पुरा. सकाळचा पोहे, दुपारचे वरण, पापड आणि ठेचा अजून मोजलेलेच नाहीत.

हे सारे मी तिला कागदावर मांडून दाखवले. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे नाहीच चालणार?"

चालेल, असे मी म्हणालो. पदार्थ वाईट नाही, उलट त्याचा पाया उत्तम आहे : तळणाऐवजी थोड्या तेलावर भाजलेला मासा, आले-लसूण आणि ढीगभर भाज्या. फक्त तो जिंतूरच्या स्वयंपाकघरात, गुरुजींच्या ताटासाठी पुन्हा रचावा लागेल. मग आम्ही दोघांनी तो रचला. आपल्या घरीही करता येईल म्हणून तपशिलाने सांगतो.

प्रथम मासा. सॅमन हा थंड समुद्रातला, आणि भारतातल्या दुकानांत मिळणारा बहुतेक सॅमन परदेशी मत्स्यशेतीतून बर्फात घालून येतो. त्याची ख्याती ओमेगा-३ या स्निग्धाम्लांमुळे. शंभर ग्रॅममध्ये ती साधारण २ ग्रॅम असतात. त्याचा गुलाबी रंग खाद्यातल्या एका रंगद्रव्याचा. शेतीतल्या माशांना ते खाद्यातूनच देतात. मुंबईत ज्याला इंडियन सॅमन म्हणतात तो आपला रावस, आणि त्याचे खऱ्या सॅमनशी काही नाते नाही. मासा म्हणून तो चविष्ट आहे, पण नावासाठी चढा भाव देऊ नये. ओमेगा-३ च हवे असेल तर बांगडा आणि तारली हे कोकणातले स्वस्त मासे त्या बाबतीत मातबर आहेत.

आपल्याकडचे काय? येलदरीच्या जलाशयातले रोहू, कटला, मृगळ, आणि नशीब असेल त्या दिवशी मरळ. या गोड्या पाण्यातल्या माशांत ओमेगा-३ सॅमनपेक्षा बरेच कमी असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण प्रथिने शंभर ग्रॅमला सतरा ग्रॅमच्या आसपास, चरबी थोडी, आणि मुख्य म्हणजे सकाळी पाण्यातून निघालेला मासा दुपारी आपल्या ओट्यावर येऊ शकतो. पुण्याहून बसने सात-आठ तास पिशवीत आलेल्या सॅमनपेक्षा येलदरीची मरळ मी केव्हाही पसंत करीन. गुरुजींसाठी आम्ही मरळच ठरवली, आणि त्याचे दुसरे कारण काटा.

सॅमनची पाककृती लिहिणारा काट्याचा विचार करीत नाही, कारण त्याच्या हाती काटे काढलेला काप असतो. रोहू-कटल्याच्या मांसात मात्र मुख्य काट्याखेरीज बारीक, दुफाटी काटे विखुरलेले असतात. कालवणात आपण ते बोटांनी चाचपतो. नूडल्सच्या गुंत्यात ते दिसत नाहीत आणि नूडल्स आपण चावण्याआधीच गिळतो. लहान मुले आणि कवळी लावणारी वडीलधारी मंडळी यांना हा मेळ धोक्याचा. मरळीत असे बारीक काटे फार कमी. रोहूच वापरणार असाल तर मासा वेगळ्या ताटलीत वाढा, नूडल्समध्ये मिसळू नका. आणि काटा अडकलाच तर कोरड्या भाकरीचा किंवा भाताचा गोळा गिळावयाचा, केळे खावयाचे, हे घरोघरचे उपाय कृपया करू नका. वरवर टोचलेला काटा त्याने खोल जातो. बहुधा तो टॉन्सिलपाशी किंवा जिभेच्या मुळाशी असतो आणि बॅटरीच्या उजेडात चिमट्याने निघतो. लाळ गिळता येत नसेल, रक्त येत असेल किंवा श्वास लागत असेल तर वेळ न दवडता घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आता मुरवणे. मूळ कृतीत मासा रात्रभर मुरवा, असे होते. माशाचे मांस कोवळे असते, त्याला अर्धा तास पुष्कळ झाला. अधिक वेळ ठेवल्यास सॉसमधले मीठ आत शिरते आणि आतले पाणी बाहेर येते. मासा खारट आणि चिवट होतो. हा अर्धा तास मासा झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, ओट्यावर नाही. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चा मासा तासभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे, आणि आपल्याकडे निम्मे वर्ष दुपार त्याच्या वरच असते.

चौघांसाठी अर्धा किलो मासा. मोठा एक चमचा सोया सॉस, फक्त एक, आणि तेवढेच पाणी. इंचभर आले किसून, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, सुपारीएवढा गूळ, एक हिरवी मिरची, चमचाभर तिळाचे तेल. वेगळे मीठ मुळीच नाही. लिंबू आधी पिळू नये. आंबटाने माशाचे मांस वरून पांढरे पडते आणि शिजल्यासारखे दिसते, आत मात्र ते कच्चेच असते. ते ताटात पिळावे. खारटपणा कमी केला की जीभ दुसरे काही मागते, आणि लिंबू, आले, भाजलेले तीळ यांनी ती मागणी बरीचशी भागते. हे मी गुरुजींच्या भाजीवर पडताळून पाहिले आहे.

मासा निथळून बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर भाजावा. गुळामुळे तो लवकर करपतो, म्हणून लक्ष हवे. मधोमध सुरी घातल्यावर मांस पारदर्शक न दिसता पांढरे दिसले आणि पाकळ्या सुटल्या की झाला. भांड्यात उरलेले मुरवणाचे पाणी कच्च्या माशाचे आहे. ते टाकून द्यावे किंवा वापरावयाचेच असेल तर चांगली उकळी आणून. चित्रफितींत अर्धकच्चा, मध्ये ओला ठेवलेला सॅमन दाखवतात. नदी-तळ्याचा मासा तसा कदापि खाऊ नये, त्यात परजीवी असू शकतात.

बांगडा किंवा कुपा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे मासे वाटेत बर्फाविना राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होते आणि कितीही शिजवले तरी ते जात नाही. खाल्ल्यावर तासाभरातच तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. रुग्ण आणि कधीकधी डॉक्टरही त्याला माशाची ॲलर्जी समजतात आणि बिचाऱ्याचा मासा जन्मभर सुटतो. दोष माशाचा नसून तुटलेल्या बर्फाचा असतो. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांनी डोळे टपोरे, कल्ले लाल आणि बोट दाबल्यास खळगा न राहणारा मासाच घ्यावा; शंका असल्यास भाकरी-पिठले आहेच.

राहिल्या नूडल्स. पाकिटातल्या झटपट नूडल्सची वडी बहुधा तेलात तळून वाळवलेली असते, म्हणून ती दोन मिनिटांत शिजते. मी त्या मुलीला विचारले, "आजीने यंदा शेवया केल्या का?" माळ्यावर डबा भरलेला होता. पाटावर ओढून, खाटेवर धोतर अंथरून उन्हात वाळवलेल्या आपल्या गव्हाच्या शेवया आणि चिनी आचारी हातांनी ओढतो त्या नूडल्स यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही. तळण नाही, मसाल्याची पुडी नाही. भरपूर उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे, कच किंचित राहील एवढ्याच शिजवाव्यात, चाळणीत उपसून थंड पाणी घालावे आणि तेलाचे बोट लावावे. मग मोठ्या आचेवर परतलेली कोबी, गाजर, ढोबळी मिरची, पातीचा कांदा. मधुमेह असेल तर ताटात भाज्या अर्ध्या आणि शेवया पाव, असे प्रमाण ठेवावे. उरलेला पाव माशाचा. सारे मिळून सोया सॉसचे माणशी सव्वादोनशे मिलिग्रॅम सोडियम येते, मूळ कृतीच्या एक चतुर्थांश.

कमी सोडियमचा सोया सॉस आणि कमी सोडियमचे मीठ आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. सॉसमध्ये कमी म्हणजे नेहमीच्या साधारण साठ टक्के, शून्य नव्हे. आणि अशा मिठात, काही सॉसमध्येही, सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना, ते हृदयाच्या ठोक्यांपर्यंत बाधू शकते. वेष्टनावर तो शब्द दिसला तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. आणखी एक, सोया सॉसमध्ये गहू असतो. गव्हाचे पथ्य असलेल्यांना तो वर्ज्य.

शाकाहारी वाचकांची पत्रे येतील, म्हणून आधीच लिहितो. माशाऐवजी पनीर किंवा टोफू याच मुरवणात चालेल. ओमेगा-३ साठी आपल्याकडे जवस आहे. त्यातले ओमेगा-३ माशातल्यासारखे तयार नसते आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकते; तरीही भाकरीवर रोज चमचाभर जवसाची चटणी ही चांगली सवय आहे. तीत मीठ किती घालता, तेवढे मात्र पाहा.

पंचाहत्तरीचा स्वयंपाक नातीने एकटीने केला. सूनबाईंनी चमचा मोजून सॉस काढून दिला आणि बाटली स्वतःजवळ ठेवली, असे कळले. चार दिवसांनी गुरुजी दाब मोजायला आले. १३४ आणि ८२. पट्टा सोडता सोडता मी विचारले, कसा झाला होता बेत?

"मासा फार चांगला झाला होता, डॉक्टर. दोनदा घेतला." थोडे थांबून, नातीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "शेवया मात्र दुधातच बऱ्या."